रिबन केबलची दुरुस्ती: टोचलेला, चिमटलेला, चिकटवलेला जोड

‘रिबन’ म्हणजे उपकरणाच्या आतली चपटी केबल गेली म्हणून एखादा सेट टेबलावर येतो, तेव्हा बहुतेक वेळा आतलं तांबं शाबूत असतं. गेलेला असतो तो टोकाचा जोड. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हा जोड आधी टोचला गेला, मग चिमटला गेला आणि शेवटी चिकटवला गेला. कारखान्यांनी हे बदल जोडणी स्वस्त आणि झटपट व्हावी म्हणून केले. दुरुस्तीचा विचार त्यात फारसा नव्हता. त्यामुळे हातातली पट्टी कोणत्या पिढीची हे ओळखलं की निम्मं काम होतं.

अनेक तारा एका ओळीत धरणारी चपटी केबल १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिकॉइल कंपनीने सिलिकॉन रबरात घडवली. घराघरांत मात्र ती पोचली पर्सनल कॉम्प्युटरबरोबर: करडी, एका कडेला लाल रेघ असलेली. लाल रेघ म्हणजे पहिली पिन. दोन तारांमधलं अंतर १.२७ मिमी. हिच्या कनेक्टरला सोल्डर लागत नाही. दुतोंडी पात्याच्या फटीत तार दाबली की पातं प्लास्टिक कापून तांब्याला घट्ट धरतं. कनेक्टरऐवजी केबलला धरून ओढलं की हीच पकड सैल होते. मग टोक सेंटिमीटरभर कापायचं आणि नवा कनेक्टर छोट्या व्हाइसमध्ये सारख्या दाबाने बसवायचा. पक्कडीने एकेका बाजूने दाबला तर तो तिरका बसतो आणि शेजारच्या तारा शॉर्ट होतात. हार्ड डिस्कच्या ८० तारांच्या केबलला मात्र साधा कनेक्टर चालत नाही. तिच्या पिना ४०च असतात, पण एकाआड एक तार ग्राउंडची असते आणि तारा दुप्पट दाट असतात.

दुसऱ्या जातीच्या पट्टीत तारच नसते. पॉलिएस्टरच्या पातळ कागदावर चंदेरी शाईच्या रेघा छापलेल्या असतात. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा कीबोर्ड असाच होता. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस त्याच घराण्यातला. कीबोर्डमधून दोन शेपट्या निघतात, एक ५ रेघांची, दुसरी ८ रेघांची. आतल्या उष्णतेने पॉलिएस्टर कडक होतं आणि कनेक्टरच्या तोंडाशी तडकतं. कोणती रेघ गेली हे मशीन न उघडता कळतं: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही पाचच बटणं मेली तर ८ वाल्या शेपटीची एक रेघ, १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस एकदम गेली तर ५ वालीची. आजच्या वॉशिंग मशीन किंवा मायक्रोवेव्हच्या कीपॅडलाही हाच हिशोब लागतो. इथे सोल्डरिंग आयर्न लावलं की प्लास्टिक आक्रसतं, आणि शाईवर सोल्डर धरत नाही ते वेगळंच. धारदार कात्रीने टोकाचे ५ मिमी काटकोनात कापून शेपटी पुन्हा सरळ आत सरकवायची. असं एकदा-दोनदाच जमतं, मग शेपटी अपुरी पडते.

सीडी प्लेअर, इंकजेट प्रिंटर यांत डोकं सतत मागेपुढे धावतं. तिथे चपट्या तांब्याच्या पट्ट्या पॉलिएस्टरमध्ये दाबलेली, टोकाला निळा जाड तुकडा लावलेली पांढरी केबल आली. ही मात्र खरंच मध्येच तुटते, नेहमीच्या वळणावर. तुटलेलं तांबं एका जागी टेकतं, दुसऱ्या जागी सुटतं. म्हणून मल्टिमीटर बीपवर ठेवून केबल वाकवत तपासायची. सरळ ठेवून तपासली तर सगळ्या तारा पास होतात.

ती सांधण्यापेक्षा बदललेली बरी. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा केबल मागायच्या तर पिना, पिच (शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर), लांबी आणि टोकांची बाजू सांगावी लागते. पिच काढायला पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या मध्यांमधलं अंतर मोजून पिनांपेक्षा एकने कमी आकड्याने भागायचं: २० पिनांना १९ मिमी भरलं तर १ मिमी, साडेनऊ भरलं तर अर्धा मिमी. केबलवर छापलेलं ‘एडब्ल्यूएम २०६२४ ८०सी ६०व्ही’ हा पार्ट नंबर नव्हे. तो तारेचा दर्जा, तापमान आणि व्होल्टेज सांगतो. तेवढ्यावर मागवलेली केबल हमखास चुकते. दोन्ही टोकांचे उघडे भाग एकाच बाजूला आहेत की उलट, हेही बघा. चुकीचा प्रकार घेतला तर कनेक्टरच्या पिना प्लास्टिकला टेकतात. दोन्ही बाजूंनी पकडणारा कनेक्टर असेल तर क्रम उलटतो आणि सप्लाय भलत्याच पिनवर जातो.

१ जुलै २००६ पासून युरोपने शिशावर बंधनं घातली, मुलाम्यातलं शिसं गेलं आणि पट्टी पिनांत चिमटून धरणाऱ्या या जोडाला नवंच दुखणं लागलं. शुद्ध कथलाचा मुलामा सतत दाबाखाली राहिला की त्यातून केसासारखे तंतू उगवतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पिचवर शेजारच्या पिनेला टेकतात. पट्टी काढून, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बसवल्यावर सेट चालला आणि महिन्यांनी पुन्हा तोच दोष आला, तर हा संशय घ्यावा.

मोबाइल-कॅमेऱ्यातली पिवळट तपकिरी फ्लेक्स, म्हणजे वाकणारी सर्किटपट्टी, पॉलिइमाइडची. हे प्लास्टिक आयर्नची उष्णता सोसतं, म्हणून इथे जंपर, म्हणजे तुटलेल्या जागेवरून जोडतार, मारता येतो: ब्लेडने वरचा थर २ मिमी खरवडा, फ्लक्स लावा, रेघ कथलवा, ०.१ मिमीची इनॅमल तार जोडा. वळणाच्या जागी मात्र नको. सोल्डरने कडक झालेला भाग लगेच पुन्हा तुटतो.

शेवटचा जोड गोंदाचा. १९८९ च्या गेम बॉयच्या स्क्रीनवर उभ्या रेघा गायब झाल्या की काचेच्या खालच्या कडेच्या पट्टीवरून कमी तापवलेलं आयर्न हळू फिरवतात. गोंद उष्णतेने मऊ होणारा, त्यामुळे तो पुन्हा चिकटतो आणि रेघा परततात. हीच युक्ती एलसीडी टीव्हीवर केली तर पट्टी वाया जाते. तिथला गोंद एकदा उष्णतेत घट्ट झाला की परत वितळत नाही. जुना गोंद पूर्ण काढून, धातूचे सूक्ष्म कण असलेली नवी फिल्म लावून, सूक्ष्मदर्शकाखाली रेघेला रेघ जुळवून बॉन्डिंग मशीनच्या तापल्या पट्टीने साधारण १८० ते २०० अंशांवर काही सेकंद दाबावं लागतं. अर्धी रेघ सरकली तरी शेजारचा रकाना पेटतो. आणि पडद्यावर फवारलेलं पाणी खालच्या कडेतून झिरपून काचेवरच्या रेघाच गंजल्या असतील, तर हे मशीनही काही करू शकत नाही. पॅनेलच बदलावं लागतं.