ग्वांगझूत मँडरिन चालते, पण ती तिथे आली कशी

क्लास लावून मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत भाषा, शिकलेला माणूस दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात गेला की दुकानदार त्याच्याशी नीट मँडरिन बोलतो, आणि लगेच मागे वळून बायकोला जे काही सांगतो त्यातलं याला ओ की ठो कळत नाही. ती कॅन्टोनीज. म्हणायला बोली, पण मँडरिनला चार सूर तर हिला सहा, नुसतं ऐकून एकमेकांचं समजतच नाही.

ही डोकेदुखी जुनी आहे. 1728 मध्ये योंगझंग बादशहा वैतागला, ग्वांगडाँग (ग्वांगझू याच प्रांतात) आणि फुजियन या दक्षिणेकडच्या प्रांतांचे अधिकारी काय बोलतात तेच कळेना, म्हणून त्याने तिकडे उच्चार शिकवायच्या शाळा काढायला लावल्या. त्या काही फार चालल्या नाहीत, आणि का चालतील, सरकारी परीक्षा लेखी, लिपी सगळ्यांची एकच, मग उच्चार कसाही असो, पास होता येत होतंच की.

राजेशाही गेल्यावर 1913 ला बीजिंगमध्ये सगळ्या देशासाठी प्रमाण उच्चार चक्क मतं घेऊन ठरवले! इकडचं थोडं तिकडचं थोडं घेऊन जे तयार झालं ते कुणाच्याच घरी बोलत नव्हते. भाषातज्ज्ञ चाओ युआनरेन यांनी 1921 मध्ये त्याच्या ग्रामोफोन रेकॉर्डीही काढल्या, आणि नंतर तेच गमतीत सांगायचे की ही भाषा बोलणारा मी एकटाच. शेवटी 1932 पर्यंत गाडी बीजिंगच्या उच्चारावर आली, आजची मँडरिन त्यावरच उभी आहे.

आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये बोटीतून उतरले ते ग्वांगझूलाच, पण पुढे काम केलं उत्तरेत हेबेकडे, तिथली बोली मँडरिनच्याच कुळातली, त्यामुळे त्यांनी शिकलेली चिनी तिथे चालून गेली, दक्षिणेत थांबले असते तर वेगळीच भाषा शिकावी लागली असती.

सरकारने खरा जोर लावला 1956 पासून. शाळांत मँडरिन, 1958 ला पिनयिन (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत), 1982 ला राज्यघटनेतच कलम. पण माझ्या मते कायद्यापेक्षा जास्त काम कारखान्यांनी केलं. 1980 मध्ये ग्वांगडाँगमधल्या शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं, हुनान, सिचुआन अशा दुसऱ्या प्रांतांकडून लोंढेच्या लोंढे आले, त्यांना कॅन्टोनीज येत नव्हती आणि एकमेकांची बोलीही कळत नव्हती, मग मँडरिनशिवाय पर्याय काय? आज कॅन्टोनीज मुलखाच्या मधोमध असूनही शेनझेन मँडरिन बोलतं. देशभर मँडरिन येणारे 2000 मध्ये सुमारे 53 टक्के होते, 2020 ला 80 च्या वर गेले, हा सरकारी आकडा.

ग्वांगझूने मात्र कुरकुर केली. 2010 ला एशियन गेम्सच्या तोंडावर तिथलं टीव्ही चॅनल मँडरिनमध्ये न्यायची सूचना आली तर जुलैत लोक रस्त्यावर उतरले, आणि कॅन्टोनीज संपवायचा विचार नाही असं अधिकाऱ्यांना जाहीर सांगावं लागलं. मेट्रोत अजून स्टेशनचं नाव मँडरिन, कॅन्टोनीज आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ऐकू येतं. हाँगकाँगची गोष्ट अजून वेगळी, तिथे 1997 नंतर शाळेत मँडरिन विषय आला खरा, पण बाजारातला व्यवहार कॅन्टोनीजमध्येच, आणि परक्या माणसाचं इंग्रजीवरही बऱ्यापैकी भागतं.