ई अँड टीसीचा प्रवेश: गुण पुरतात, दाखला अडवतो

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे मुंबईकडची ‘एक्स्टीसी’ आणि पुण्याकडची ‘ईएनटीसी’, या शाखेच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाच्या, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य असून तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र असतो. या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, आणि राज्यातील मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोंदणी, शुल्क आणि कागदपत्रे अपलोड करणे या पायऱ्या संकेतस्थळावर क्रमाने येतात आणि तिथे सहसा कोणी अडत नाही.

अडते ते पडताळणीत, आणि त्यातही नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर, म्हणजे कुटुंब मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही या दाखल्यावर. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाच्या उमेदवारांना तो लागतो. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला आधीच काढलेला असतो, तोच इथेही चालेल असे गृहीत धरून विद्यार्थी तो अपलोड करतात आणि पडताळणी केंद्र अर्ज परत पाठवते. राज्याच्या प्रक्रियेला राज्याच्याच नमुन्यातला दाखला हवा, आणि तो प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असला पाहिजे. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत. दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, पण लोक दाखला दिल्याची तारीख पाहून निश्चिंत होतात. ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्रालाही केंद्र आणि राज्य असे दोन वेगळे नमुने आहेत. एकाच कुटुंबाच्या एकाच परिस्थितीसाठी दोन कागद का लागावेत, याचे उत्तर खिडकीपलीकडचा कर्मचारीही देऊ शकत नाही. तेव्हा वाद न घालता दोन्ही काढून ठेवावेत.

जातीचा दाखला खरा असल्याचे सांगणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे गेला पाहिजे. निकाल लागल्यावर धावपळ सुरू करणाऱ्यांना समितीची गती मानवत नाही. अनेकदा अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरती सवलत मिळते, आणि मोठा गैरसमज इथेच होतो: पावती म्हणजे माफी नव्हे. ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र सादर झाले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो, आणि राखीव जागेवर मिळालेले महाविद्यालय हातचे जाते.

महाराष्ट्राचा उमेदवार ठरण्यासाठी दहावी-बारावी राज्यातून झालेली असावी आणि जन्म महाराष्ट्रात झालेला असावा किंवा अधिवास प्रमाणपत्र असावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळापुढे अनेकदा फक्त गावाचे नाव असते, तालुका-जिल्हा कोरा असतो, आणि जन्म महाराष्ट्रातला हे त्यावरून कळत नाही. हा दाखला आत्ताच काढून पाहावा. आईचे किंवा वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र असेल तर वेगळ्या प्रकारातून मार्ग निघतो, आणि कर्नाटक सीमाभागातील मराठी भाषक मुलांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. बेळगावकडच्या पालकांना हे अनेकदा कोणी सांगतच नाही.

शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांना पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. या जागांचे कोड वेगळे असतात. ते पर्याय अर्जात स्वतंत्रपणे भरले नाहीत तर नुसता दाखला जोडून काही मिळत नाही. माफीही फक्त शिकवणी शुल्काची असते, बाकीचे शुल्क भरावेच लागते.

पर्याय भरताना शाखेचे पूर्ण नाव वाचावे. ज्याला ट्रान्झिस्टर बायसिंग, ऑप-अँप, मॉड्युलेशन आणि अँटेना यांत रस आहे, त्याने ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर’ हा पर्याय वर टाकण्याआधी त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून पाहावा, कारण तिथे प्रोग्रॅमिंगचा वाटा मोठा असतो. क्रम लावतानाही सावध असावे. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, म्हणजे कायम होतो, आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून ‘बघू या मिळतंय का’ म्हणून भरलेला पर्याय वरच्या ओळींत नको. जागा स्वीकारल्यावर दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन महाविद्यालयात हजर राहावे लागते. ती मुदत चुकली की जागा रद्द होते.