पार्श्वभूमी: 21 हजारांचा दाखला

जून 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे 26 लाख खात्यांचे हप्ते थांबवले गेले. 14 हजारांहून अधिक पुरुषांनीही पैसे उचलल्याचं समोर आलं आणि ‘बोगस लाभार्थी’ हा शब्द घरोघरी पोचला. तहसील कचेरीत मात्र तो जुना आहे. तिथे तो रुळला ‘निराधारच्या पगारा’पासून. गावाकडे निराधारांच्या सरकारी अनुदानाला पगारच म्हणतात.

संजय गांधी निराधार योजना 1980 ची, म्हणजे केंद्राच्या आधीची. केंद्राने 15 ऑगस्ट 1995 पासून वृद्धांना महिना 75 रुपये द्यायला सुरुवात केली. तेव्हा अटी दोनच होत्या: वय 65 आणि माणूस निराधार. 2007 मध्ये ‘निराधार’ हा निकष जाऊन ‘दारिद्र्यरेषेखालील’ आला. निराधार कोण, हे गावाला विचारलं तर कळतं. दारिद्र्यरेषेखालचं कोण, हे यादीच सांगते, आणि यादी होती 2002 च्या पाहणीची. 13 प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त 4 गुण, एकूण 52; गुण जितके कमी, तितकं घर गरीब. पाहणीच्या वेळी नवरा कमावता होता आणि दहा वर्षांनी बाई विधवा झाली, तरी घराचे गुण तेच राहिले.

यादीत नसलेल्यांसाठी राज्याने दुसरी वाट ठेवली: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला. माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. 21 हजार म्हणजे महिन्याला 1,750 रुपये, तेही अख्ख्या घराचे. रोज 300 रुपये धरला तरी महिन्यात सहा दिवस भांगलणीला गेलेली विधवा या मर्यादेबाहेर जाते. अनुदान 600 होतं तेव्हा मर्यादा 21 हजार होती. अनुदान 2019 मध्ये 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झालं, तरी विधवा आणि वृद्धांसाठीची मर्यादा हललीच नाही. वर्षाचं अनुदान 18 हजार आणि पात्रतेची मर्यादा 21 हजार, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

त्यामुळे दाखल्यावर 20 किंवा 21 हजार लिहिण्याचीच रीत पडली. अर्ज करणारीला ते ठाऊक असतं, अर्ज भरून देणाऱ्याला ठाऊक असतं आणि चौकशीचा अहवाल देणाऱ्यालाही. जिच्या घरी खरोखर चूल पेटत नाही तिच्या हातात आणि ज्याच्या शेतात ऊस उभा आहे त्याच्या हातात कागद सारखाच. मग खोटा कोण, हे त्या कागदावरून कसं ओळखायचं? मर्यादा माणसाला जगता येईल एवढी ठेवली असती, तर ऊसवाल्याचा दाखला उघडा पडला असता.

वयाचंही तसंच. जन्मनोंद नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आधारवर 1 जानेवारी ही जन्मतारीख पडलेली आणि सालही अंदाजाचं. वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेला 65 पूर्ण हवीत. वयाच्या दाखल्यासाठी मग सरकारी दवाखान्यात खेपा सुरू. मंजुरी देणारी तालुका समिती सरकार बदललं की बरखास्त होते आणि नवी येईपर्यंत अर्ज पडून राहतात.

अलीकडे सगळा भर ओळख पटवण्यावर आला आहे. दरवर्षी हयातीचा दाखला होताच. डिसेंबर 2024 पासून राज्याचं हे अनुदान आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होऊ लागलं. मयताच्या नावावर पैसे उचलणं त्यामुळे अवघड झालं, आणि ते चांगलंच झालं. पण जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. सेवा केंद्रावरचा पोरगा म्हणतो, ‘आजी, बोट पुसा पदराला, परत ठेवा.’ आजी अंगठा ठेवते, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. यंत्र नाही म्हणतं. एसटीचं भाडं खर्चून आलेली ती म्हातारी सोमवारी परत येते. ती तीच आहे का, एवढंच यंत्र तपासतं. तिच्या फायलीतल्या 21 हजारांच्या दाखल्याकडे कुणीही पाहत नाही.