फ्लाइट कॅन्सल केली की नुसतीच सोडून दिली? परत येणाऱ्या पैशात किती फरक पडतो

जायचं रद्द झालं की बरेच जण "जाऊ दे, तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, बुडाले पैसे" म्हणून विषय सोडून देतात. पण वेळेत तिकीट कॅन्सल करणं वेगळं आणि काही न कळवता विमानतळावर न जाणं, म्हणजे नो-शो होणं, वेगळं. आणि खरं सांगायचं तर दोन्हीपैकी कशातच सगळे पैसे बुडत नाहीत.

आधी तिकिटाची पावती उघडा आणि रक्कम कशी फोडलीये ते बघा, एरवी आपण फक्त टोटल बघतो. बेस फेअर आणि असला तर फ्युएल सरचार्ज, हा एअरलाइनचा हिस्सा. त्याखाली यूडीएफ (म्हणजे विमानतळ वापरण्याची फी), एव्हिएशन सिक्युरिटी फी, जीएसटी वगैरे ओळी असतात. यूडीएफ विमानतळ चालवणाऱ्यांचा आणि सिक्युरिटी फी सुरक्षेच्या खर्चासाठी (एप्रिल 2021 मध्ये ती डोमेस्टिकला 200 रुपये झाली), एअरलाइन हे नुसतं गोळा करून पुढे देते. तुम्ही विमानात चढलाच नाहीत तर ते पैसे तिने ठेवून घ्यायचं कारणच काय? डीजीसीएने, म्हणजे विमानसेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, हे नियमातच लिहून टाकलंय, ऑगस्ट 2016 पासून तसंच आहे: तिकीट कॅन्सल असो वा नो-शो, प्रोमो भाडं असो वा नॉन-रिफंडेबल, सरकारी टॅक्स आणि विमानतळाच्या फिया परत द्यायच्या. कॅन्सलेशन चार्जही बेस फेअर आणि फ्युएल सरचार्ज मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि रिफंड प्रोसेस करायचे वेगळे पैसे एअरलाइनला मागता येत नाहीत. कन्व्हिनियन्स फी मात्र साधारणपणे गेली समजा, कॅन्सल असो वा नो-शो, ती जातेच. (घरी बसून आपणच आपलं तिकीट काढायचं आणि त्या सोयीचे पैसे आपणच भरायचे, हे मला अजून पटलेलं नाही.)

आता फरक कुठे पडतो, तर बेस फेअरमध्ये. समजा दिवाळीच्या गर्दीत नागपूर-मुंबईचं तिकीट काढलं, बेस फेअर 9,000, आणि एअरलाइनचा कॅन्सलेशन चार्ज 3,000. वेळेत कॅन्सल केलं तर 6,000 अधिक यूडीएफ-सिक्युरिटीचे पैसे परत. नो-शो झालात तर 9,000 गेले, हातात फक्त फियांचे काहीशे रुपये. पण तेच तिकीट सहा महिने आधी सेलमध्ये 2,600 बेस फेअरला घेतलं असेल, तर कॅन्सलेशन चार्ज "3,000 किंवा भाडं, जे कमी असेल ते" असा लागतो, म्हणजे 2,600 पूर्ण गेले, आणि मग कॅन्सल करा नाहीतर नुसते घरी बसा, परत येणारी रक्कम जवळपास तेवढीच! म्हणून स्वस्त तिकिटावर लोकांना वाटतं की कॅन्सल करून उपयोग काय. उपयोग आहे. कॅन्सल केलं की रिफंड आपोआप सुरू होतो, नो-शोमध्ये बऱ्याचदा आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. वेबसाइटवर पीएनआर टाकून फॉर्म भरा किंवा कस्टमर केअरला गाठा, आणि लवकर करा, महिनोनमहिने बसून राहू नका.

वेळेचं गणितही बघून ठेवा. डोमेस्टिकला साधारण सुटण्याच्या 2 तास आधीपर्यंत ऑनलाइन कॅन्सल होतं, आंतरराष्ट्रीयला जास्त आधी करावं लागतं, प्रत्येक एअरलाइनचं वेगळं असतं. वेब चेक-इन करून ठेवलं असेल तर काही ठिकाणी आधी ते मागे घ्यावं लागतं, नाहीतर कॅन्सलचं बटणच चालत नाही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हे कळलं की संपलं.

उशिरा पोचलात तरी नो-शोच, चुकीच्या विमानतळावर पोचलात तरी नो-शोच. गोव्यात 2023 पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ चालू आहेत, एक दक्षिणेला एक उत्तरेला, तिकिटावर जीओआय (दाबोळी) आहे की जीओएक्स (मोपा) हे न बघता टॅक्सीत बसलात तर सगळा प्रकार तिथेच आटोपतो.

रिटर्न तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर आणखी सांभाळा. जाताना नो-शो झालात तर बऱ्याच एअरलाइन, आंतरराष्ट्रीय तर हमखास, पुढचा परतीचा प्रवासही उडवतात. तुम्ही ट्रेनने पोचलात आणि येताना विमानाने येऊ म्हणालात तर काउंटरवर वाद घालत बसावं लागतं. जायचं विमान सुटायच्या आधी फोन करून तेवढाच भाग कॅन्सल करून घ्या.

एअरलाइनने स्वतः फ्लाइट रद्द केली तर हे सगळं लागूच होत नाही, तिथे पूर्ण रिफंड किंवा दुसरी फ्लाइट. डोमेस्टिकला 6 तासांपेक्षा जास्त उशीर असेल तरी हा पर्याय मागता येतो. म्हणून धुकं-पाऊस बघून घाबरून आपणहून कॅन्सल दाबू नका, मेसेज यायची वाट बघा, नाहीतर फुकट मिळणाऱ्या रिफंडवर स्वतःच चार्ज लावून घ्याल.

रिफंड घेताना स्क्रीनवर क्रेडिट शेलचा (पैसे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच जमा ठेवण्याचा) पर्याय आधीच टिक केलेला नाही ना, ते बघा. पैसे शेलमध्ये ठेवायचे की खात्यात, हे नियमाने प्रवाशाने ठरवायचं असतं. कार्डने थेट एअरलाइनकडे भरले असतील तर 7 दिवसांत रिफंड सोडायचा असा नियम आहे. पोर्टल किंवा एजंटकडून घेतलं असेल तर जास्त दिवस लागतात आणि त्यांचा स्वतःचा सर्व्हिस चार्ज कापला जातो तो वेगळा, पण तिथेही रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच, "एजंटला विचारा" म्हणून हात झटकता येत नाहीत. झटकलेच तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा. पीएनआर आणि पावतीचा स्क्रीनशॉट तेवढा जवळ ठेवा.