बायबलमधला हिब्रू शब्द हालाल म्हणजे देवापुढे वेडं होऊन नाचणं? नाही हो!

एक यादी वर्षानुवर्षं फिरतेय, की हिब्रूत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत, देवाच्या स्तुतीचे सात शब्द आहेत आणि प्रत्येकाची वेगळी ॲक्शन, यादा म्हणजे हात वर, शाबाख म्हणजे जोरात ओरडा, हालाल म्हणजे वेडं होऊन नाचा. ऐकायला भारी वाटतं पण बायबल हे शब्द असे वापरतच नाही. उत्पत्ति १२:१५ मध्ये इजिप्तचे सरदार त्यांच्या राजाकडे, फारोकडे, अब्रामच्या बायकोची, सारायची तारीफ करतात तिथे हालालच आहे, मग ते काय दरबारात नाचत होते का? वेडाचा अर्थ येतो तो क्रियापदाच्या वेगळ्या रूपात, १ शमुवेल २१:१३ मध्ये दावीद वेड्याचं सोंग घेतो तिथे, लोकांनी दोन्ही एकत्र कालवलं. यादा तर स्तोत्र ३२:५ मध्ये पाप कबूल करण्यासाठी आलाय. आणि शाबाखची खरी गंमत, त्याच अक्षरांचं क्रियापद स्तोत्र ८९:९ मध्ये लाटा शांत करण्यासाठी आहे! स्तोत्र ११७:१ मध्ये हालाल आणि शाबाख जोडीने येतात, तीच गोष्ट दोनदा सांगायची हिब्रू कवितेची पद्धत आहे ती, दोन स्टेप्स नाहीत. हात वर करायचेत तर बिनधास्त करा, स्तोत्र १३४:२ मध्ये सरळच सांगितलंय.