मुद्राचित्रातलं ‘मूळ’ कोणतं? : पार्श्वभूमी

मुद्राचित्र म्हणजे लाकूड, पत्रा किंवा दगड अशा ठशावरून कागदावर छापलेलं चित्र. लाकडी ठसे आणि तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम फार जुनं. पुण्याच्या भिंतींवर मात्र छापील चित्र चढलं ते शिळाछापामुळे. दगडावर तेलकट खडूने रेखाटायचं, दगड ओला करायचा. शाई फक्त रेषेलाच चिकटते. जर्मनीतल्या बव्हेरियात १७९६च्या सुमारास निघालेल्या या तंत्रावर १८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या एका छापखान्याने देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली. मुंबईत निघालेला दुसरा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथल्या ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वर वार्निश. म्हणून तैलचित्राचा भास. हौशी घरांत त्यांवर जरतार आणि टिकल्याही चढल्या.

आज हेच ओलिओग्राफ संग्राहक चढ्या भावाने घेतात, आणि घोळ इथेच आहे: त्यांना ‘मूळ’ म्हणायचं का? व्हिएन्नात १९६० साली कलावंतांच्या परिषदेने ‘मूळ मुद्राचित्रा’च्या अटी ठरवल्या: ठसा चित्रकाराने स्वतः घडवलेला हवा, प्रत्येक प्रतीवर सही आणि क्रमांक हवा, आवृत्ती संपली की ठसा खोडून टाकायचा. आपल्याकडे ‘ओरिजिनल प्रिंट’ म्हणतात ते याच अर्थाने, निदान तसं म्हणायला हवं. या कसोटीवर मळवलीची चित्रं बाद होतात, कारण चित्र एकाचं आणि दगडावर उतरवणारे कारागीर दुसरेच. म्हणजे देवघरात तीन पिढ्या पुजलेला कागद नियमाने ‘नक्कल’! अर्थात त्या अटी बाजार सावरायला घातल्या होत्या. त्याच अटींनी जुन्या चित्रांची किंमत जोखणं हा उफराटा न्याय झाला.

अम्लरेखन (आम्लाने पत्रा कोरून छापलेलं चित्र), लिनोकट (लिनोलियम कोरून छापलेलं), सेरिग्राफ (जाळीदार पडद्यातून शाई उतरवून छापलेलं) यांना या अटी सहज लागू पडतात. १२/५० म्हणजे पन्नास प्रतींतली बारावी, ‘ए.पी.’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. १९९१ मध्ये ‘जिक्ले’ हा शब्द रूढ करण्यात आला आणि पुन्हा गोंधळ उडाला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चिळकांडी. वस्तू म्हणजे उंची कागदावरचा इंकजेट. पेन्सिलीची सही आणि ‘मर्यादित आवृत्ती’ त्यालाही लागते, पण खोडायला ठसाच नसतो. फाइल तशीच राहते, आणि उद्या दुसऱ्या मापाची नवी ‘मर्यादित आवृत्ती’ काढायला कोणाची आडकाठी नसते.

जुन्या बाजारातली फ्रेम घेताना भिंग जवळ ठेवावं. हाताने केलेल्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे दिसतात, ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या यांत्रिक छपाईत, ठिपक्यांची जाळी एकसारखी, इंकजेटमध्ये बारीक फवारा.