अमेरिकन बँडस्टँड की सोल ट्रेन?

जुन्या अमेरिकी टीव्हीवरच्या नाचाची क्लिप मोबाइलवर येते. समोरासमोर मुलामुलींच्या दोन रांगा, मधल्या वाटेनं एकेक जोडी नाचत पुढे येते. खाली नाव कधी ‘अमेरिकन बँडस्टँड’, कधी ‘सोल ट्रेन’, आणि बऱ्याचदा चुकीचं. दोन रांगा म्हणजे सोल ट्रेनच, हा आडाखाही फसवा आहे.

बँडस्टँड थोरलं. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालं, १९५६ मध्ये डिक क्लार्क सूत्रधार झाले, १९५७ पासून एबीसी या टीव्ही वाहिनीनं ते देशभर दाखवलं. मुलांना कोट-टाय, मुलींना स्कर्ट. नव्या रेकॉर्डला मुलंच ३५ ते ९८ गुण द्यायची (शंभर कधीच नाही). १९६४ मध्ये मुक्काम लॉस एंजेलिसला हलला, १९८९ मध्ये कार्यक्रम संपला.

खरा गुंता फिलाडेल्फियाच्या वर्षांत आहे. आपण आल्यावर स्टुडिओतला वर्णभेद संपवला, असं क्लार्क पुढे सांगत. इतिहासकार मॅथ्यू डेलमाँट यांनी त्या काळच्या नोंदी आणि आठवणी धुंडाळून दाखवलं की, तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीय मुलांना दार बंदच होतं. त्यांचे नाच मात्र आत पोचले. शेजारच्या डेलावेअर राज्यात मिच थॉमस यांचा कृष्णवर्णीय मुलांचा नाचाचा कार्यक्रम होता. दोन रांगांचा ‘स्ट्रोल’ तिथं पाहून बँडस्टँडच्या गोऱ्या मुलांनी उचलला, आणि देशाला तो त्यांच्याच नावावर ठाऊक झाला. म्हणून क्लिप कृष्णधवल आणि मुलं टाय लावलेली असतील, तर रांगा असूनही ते बहुधा बँडस्टँड.

सोल ट्रेनची प्रसिद्ध ‘लाइन’ त्याच स्ट्रोलच्या वळणाची. डॉन कॉर्नेलियस यांनी हा कार्यक्रम १९७० मध्ये शिकागोत सुरू केला. पुढच्याच वर्षी तो लॉस एंजेलिसहून देशभर दिसू लागला आणि २००६ पर्यंत टिकला. इथं निर्माता कृष्णवर्णीय, नाचणारी बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, आणि मुख्य जाहिरातदार जॉन्सन प्रॉडक्ट्स ही केसांची प्रसाधनं बनवणारी कंपनीही कृष्णवर्णीयांची. माझ्या मते फरक इथं आहे, पावलांत नाही. गायक दोन्हीकडे बहुतेक वेळा रेकॉर्डवर ओठच हलवायचे, जेम्स ब्राउनसारखे काही सोल ट्रेनवर प्रत्यक्ष गायले.

१९७३ मध्ये क्लार्कनी स्वतःच ‘सोल अनलिमिटेड’ नावाचा तसाच कार्यक्रम काढला. कॉर्नेलियस आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते जेसी जॅक्सन यांनी कडाडून विरोध केला, आणि थोड्याच भागांनंतर तो गुंडाळावा लागला.